डावीकडचा आवाज

४ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी बाहेर काढली. काढली म्हणजे ढकलली. बॅटरी ठार मेलेली. मी आणि सून बॉनेटला खांदा लावून ढकलत होतो आणि ही आत स्टिअरिंग धरून बसली होती, कारण ढकलायचं काम हिला नको होतं. मागचा बंपर भिंतीला लागला. "भिंत मध्येच आली," असं हिचं म्हणणं.

मी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. कुठली लिफ्ट का अडकली आणि आपण काय केलं हे त्याच दिवशी लिहून ठेवलं नाही, तर तीच लिफ्ट पुढच्या वेळी पुन्हा आपल्याला मूर्ख बनवते. गाडीचंही तसंच लिहिणार आहे. कामापुरतं.

मुलगा दोन वर्षांपूर्वी बदली घेऊन दुसऱ्या शहरात गेला आणि काही दिवसांत दुसऱ्या बाईच्या घरातही गेला. सून इथेच राहिली. तिला आईवडील नाहीत आणि तिचा दवाखाना आमच्या घरापासून जवळ. ती जनावरांची डॉक्टर आहे. गेल्या महिन्यात त्या दोघांचा घटस्फोट झाला, त्यामुळे कायद्याने ती आता आमची सून नाही. लिहिताना दुसरा शब्द सुचत नाही, म्हणून सूनच लिहितो.

तिला डोंगराळ भागातल्या एका दवाखान्यात नेमणूक मिळाली आहे. गोठ्यागोठ्यांत फिरावं लागणार, म्हणजे गाडी हवी. मुलगा गेल्यापासून आमची गाडी ताडपत्रीखालीच होती. मी म्हटलं, ही घेऊन जा, आठवड्यात करून देतो.

तक्रारी तीन. बॅटरी उभ्या उभ्या उतरते. उजवा हेडलाइट मिणमिणतो. खड्ड्यातून जाताना पुढे डावीकडून खडखड येते.

ती सोळा तारखेला निघेन म्हणते. नोकरी तीन मार्चपासून आहे, पण आधी जाऊन खोली बघायची आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नवी बॅटरी बसवली. किल्ली काढली, दारं लावली आणि बॅटरीच्या वायरीत मीटर जोडून बसलो. गाडी झोपलेली, तरी कोणीतरी वीज पीत होतं. सून आत वाकून एकेक फ्यूज काढत होती आणि मी बाहेरून आकडा सांगत होतो. रेडिओचा काढला, फरक नाही. हॉर्नचा काढला, नाही. आतल्या दिव्यांचा फ्यूज काढल्याबरोबर आकडा धाडकन खाली आला.

चोर त्या वायरीवर आहे. पण आतले सगळे दिवे तर बंद दिसतात.

"आपल्याला दिसतात ते बंद आहेत," सून म्हणाली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सुनेने मोबाइलवर चित्रीकरण सुरू केलं, मोबाइल डिकीत ठेवला आणि डिकी लावली. थोड्या वेळाने काढून पाहिलं, तर आत लख्ख उजेड. डिकीचा दिवा कधी विझतच नव्हता. दिवा बंद करणारं बटण वाकलं होतं. पक्कडीने सरळ केलं.

"गाईच्या पोटात हात घालायच्या आधी आम्हीही असंच आत बघून घेतो," ती म्हणाली.

ही युक्ती मला सुचायला हवी होती.

बॅटरी टिकते का ते चार-पाच दिवस बघावं लागेल, असं मी सांगितलं. दोन दिवस पुरे होतील, असं सून म्हणाली. मी पाच धरले.

९ फेब्रुवारी, रविवार

हेडलाइट. बल्ब चांगला, फ्यूज चांगला, वीज येते, तरी दिवा पिवळट. अशा वेळी वीज येण्याकडे बघायचं नसतं, परत जाण्याकडे बघायचं असतं. दिव्याची अर्थची वायर जिथे पत्र्याला बोल्टने आवळली आहे, तिथे गंजाची पोळी जमली होती. काचकागदाने घासून पत्रा चकचकीत केला. दिवा भिंतीवर असा पडला की, ही स्वयंपाकघरातून ओरडली, "कोण आलंय?"

हात पुसत असताना मुलाचा फोन. त्याला गाडीचं कुठूनतरी कळलं आहे.

"तिला गाडी कशाला देताय बाबा? विकून टाकायची होती."

"चालणारी गाडी का विकायची?"

"आणि ती आता तुमची कोण लागते?"

काम चालू आहे, नंतर बोलू, असं सांगून फोन ठेवला.

उत्तर द्यायला हवं होतं का? माहीत नाही. हेडलाइट ठीक.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खडखड. पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांडीची डावी लिंक ढिली होती. नवी आणली. स्पेअर पार्टवाला म्हणाला, "काका, एवढ्या जुन्या गाडीला आवाज नसेल तर काळजी करायची."

लिंक बसवून चक्कर मारली. सून चालवत होती, मी मागे डाव्या बाजूला बसून डोळे मिटून ऐकत होतो.

"गेला ना आवाज?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे?"

"म्हणजे नाही."

मग शॉक अब्झॉर्बर. डावा तेल गाळतो आहे, हे मी आधीच पाहिलं होतं. एक बदलून चालत नाही, जोडी बदलावी लागते. सोळाला निघणं जमणार नाही. तिला सांगितलं. ती बरं म्हणाली. नाराज दिसली नाही. ही मात्र आत जाऊन भांडी जरा जोरात लावायला लागली.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज थोडक्यात वाचलो.

शॉक अब्झॉर्बर बदलायचा तर त्याच्याभोवतीची जाड स्प्रिंग दोन शिकंज्यांनी दाबून धरावी लागते. शिकंजे ओळखीच्या गॅरेजमधून आणले होते. एकाचा हूक झिजलेला आहे, हे मी बघितलं होतं. चालेल म्हटलं. लिफ्टच्या कामात दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं, तर मी त्याला खाली उतरवला असता.

दाबता दाबता शिकंजा सटकला. स्प्रिंग उडून भिंतीवर आदळली आणि प्लास्टरचा ताटाएवढा पोपडा पडला. मी स्प्रिंगच्या वाटेत नव्हतो. असतो तर हे लिहिलं नसतं.

ही धावत बाहेर आली. भिंत बघितली, मला बघितलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

सुनेने माझा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला आणि एकेक बोट वाकवून, दाबून बघितलं. बराच वेळ बघत होती. "दुखतंय?" नाही म्हटलं. "इथे?" तिथेही नाही. सगळी बोटं जागच्या जागी होती, हे मला दिसतच होतं, तरी हात काढून घेतला नाही.

शिकंजे परत केले. उद्या चांगले आणणार.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दोन्ही शॉक अब्झॉर्बर बसले. नाक्यापर्यंत जाऊन आलो. गाडी खड्ड्यात नीट बसते आणि नीट उठते. सुनेच्या मते आवाज संपला. माझ्या मते अजून खात्री नाही.

तोवर बाकीची कामं घेतली. वायपरचे रबर. मागच्या दाराचं कुलूप. हॉर्न वाजतो, पण घोगरा वाजतो. ग्लोव्ह बॉक्समधला दिवा लागत नाही, त्याची वायर शोधायला आतलं अर्धं पॅनेल उतरवावं लागलं.

ही चहा घेऊन आली. पसरलेले स्क्रू बघून म्हणाली, "अहो, ग्लोव्ह बॉक्सच्या दिव्यावाचून कुठली गाय मरणार आहे?"

काम अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही, हे हिला लग्नापासून माहीत आहे.

सून आता तेवीसला निघणार होती. पॅनेल परत बसल्याशिवाय कशी निघणार?

२२ फेब्रुवारी, शनिवार

पॅनेल बसलं. एक स्क्रू उरला. पुन्हा उतरवलं.

दुपारी सून पायरीवर येऊन बसली. "बाबा, मी जाऊ नये असं तुम्हाला वाटतं का?"

"तुझ्या जाण्याचा प्रश्न नाही. प्रश्न गाडीचा आहे."

ती हसली. का हसली ते कळलं नाही. मग म्हणाली, "एक तारखेला सकाळी निघते. गाडी जशी असेल तशी. आणखी पुढे नाही ढकलायचं."

ठीक आहे म्हटलं. तिच्या खोलीतली पुस्तकं खोक्यांत गेली आहेत. खोकी हिने भरली. प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि मग सुनेला तोंडीही सांगितलं, दोन-दोनदा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गाडी सुनेच्या नावावर करण्याचं काम आज पूर्ण झालं. घरी येऊन मुलाला मीच फोन केला.

"गाडी तिच्या नावावर केली. तुला माहीत असावं, म्हणून सांगतोय."

तो म्हणाला, "आईचं ब्लडप्रेशर कसं आहे?"

"तिला विचार," म्हटलं आणि फोन हिच्याकडे दिला. दोघं बराच वेळ बोलत होती. मी बाहेर जाऊन टायरची हवा तपासली. हवा बरोबर होती.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आवाज आला.

गल्लीच्या तोंडाशी, उजवीकडे पूर्ण वळताना, डाव्या चाकाकडून एकच "टक्". ही ती जुनी खडखड नव्हे. हा वेगळा आवाज आहे.

सुनेला बोलावलं. तिने त्याच वळणावर गाडी पुन्हा पुन्हा फिरवली. काही नाही.

"मला तर ऐकू येत नाही, बाबा."

जॅक लावला, चाक धरून हलवलं. घट्ट. खालून बघितलं. सगळी रबरं शाबूत.

जेवताना मी विषय काढला. ही म्हणाली, "महिनाभर रोज एक आवाज काढताय. आता खरा आला, तरी कोण ऐकणार आहे?" सून ताटाकडे बघत राहिली.

हिचं म्हणणं असं की, मी कारणं शोधतोय. बसून यावर विचार केला. डिकीचा दिवा खरा होता, गंज खरा होता, तेल गळत होतं. ग्लोव्ह बॉक्सचं समजू शकतो. पण बाकी काही मी शोधलेलं नाही, ते होतंच. मला तरी असं वाटतं.

आवाज माझ्या कानातलाच असेल, हीही शक्यता धरली पाहिजे. सत्तरीच्या माणसाने ती धरावी.

१ मार्च, शनिवार

सकाळीच सामान भरलं. डिकीत पुस्तकांची खोकी, मागच्या सीटवर गादी, कपडे, तिची औषधांची पेटी. ही शेजारच्या सीटवर डबे ठेवत होती, काढत होती, परत ठेवत होती. सून गाडीत बसली, मी फाटक उघडलं. तिने गाडी मागे घेत चाकं पूर्ण वळवली.

टक्.

मी गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"बाबा, बाजूला व्हा ना."

"आला. आत्ता आला."

"मला नाही आला."

"तू आत आहेस."

"अहो, सोडा तिला!" ही ओरडली. हिचा आवाज एवढा चढलेला मी फार वर्षांत ऐकला नव्हता. "पोर कधीची जायला उभी आहे. किती दिवस धरून ठेवणार आहात?"

समोरच्या घराच्या खिडकीत कोणीतरी आलं. सून इंजीन बंद करून उतरली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज नीट होता. "बाबा, मला रोज वाटत होतं, की आज राहावं. तुम्ही रोज काहीतरी काढत होतात आणि मला बरं वाटत होतं. पण आता खरंच पुरे. सोमवारी मला हजर व्हायचंय."

मी म्हटलं, "एकदाच हात लावून बघ. मग तू म्हणशील तसं."

ती थांबली. जॅक घेताना माझी चूक मला दिसली. बुधवारी मी जॅक चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या लोखंडी आर्मलाच लावला होता. गाडीचं वजन आर्मवरून त्याच्या टोकाच्या सांध्यावर येऊन तो दाबला जात होता, मग त्यातली ढिलाई दिसणार कशी? आज जॅक गाडीच्या सांगाड्याला लावला. चाक मोकळं लोंबकळलं. आर्मच्या टोकाला जो गोळीचा सांधा असतो, ज्यावर चाक वळतं, त्याच्यावर सुनेला तळहात ठेवायला सांगितलं आणि मी टायरखाली टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून चाक उचललं.

"थांबा," ती म्हणाली. मग, "पुन्हा."

पुन्हा उचललं. तिने डोळे मिटले. दुसऱ्या हाताची बोटंही तिथे नेली.

"पुन्हा, हळू."

मी हळू उचललं.

"हा सांधा खिळखिळा झालाय," ती म्हणाली. तोच आवाज, ज्या आवाजात ती फोनवर गाईच्या मालकाशी बोलते. "असं जनावर मी उभंसुद्धा करू दिलं नसतं."

मग खाली बसूनच तिने वर हिच्याकडे बघितलं. "आई, बाबा बरोबर सांगतायत."

आमच्या दोघांचे हात काळे, म्हणून स्पेअर पार्टवाल्याकडे ही गेली. आर्म घेऊन आली, तो उजव्या बाजूचा निघाला. परत गेली. त्या दुकानदाराला हिने काय सुनावलं ते कळलं नाही, पण दुसऱ्या वेळी त्याने माणसाबरोबर आर्म घरी पोचवला.

जुना आर्म सुटताना गोळी वाटीतून बाहेर आली. ओढावी लागली नाही. सुनेच्या हातात आर्म राहिला आणि गोळी चाकाकडे. चालत्या गाडीत असं झालं, की चाक आडवं होतं.

ही पायरीवर बसली. "डोंगरातल्या रस्त्यावर..." एवढंच म्हणाली. सुनेने आर्म खाली ठेवला आणि काळ्याच हातांनी हिच्या शेजारी जाऊन बसली. हिच्या साडीला ग्रीस लागलं. ही सरकली नाही.

मला जे वाटलं, ते समाधान नव्हतं. मी बरोबर होतो, हे कळल्यावर माणसाला बरं वाटायला हवं.

२ मार्च, रविवार

उजव्या बाजूचा सांधाही उघडून बघितला. चांगला आहे. नवा आर्म सुनेनेच बसवला, मी पाने देत होतो. शेवटचा नट तिला दोनदा आवळायला लावला. नंतर नटावर आणि बोल्टवर मिळून खडूने एक रेघ ओढायला सांगितली, म्हणजे नट सैल झाला तर रेघ मोडलेली दिसते.

गल्लीच्या तोंडाशी उजवं वळण, डावं वळण, भरलेली गाडी, रिकामी गाडी. आवाज नाही.

दुपारी निघाली. "येते," म्हणाली. हिने डब्यांबद्दल सूचना दिल्या. मी ब्रेक ऑइलबद्दल दिल्या. आणखी काही सांगायचं राहिलं असं वाटत होतं, पण गाडीतलं काही राहिलं नव्हतं.

पोचल्याचा फोन दिवे लागायच्या वेळी आला. वाटेत काही झालं नाही.

१३ मार्च, गुरुवार

लिहिण्यासारखं नाही. मिक्सर उघडला, साफ करून परत जोडला. तो चालूच होता. ही म्हणाली, "चालणाऱ्या वस्तूंना हात लावू नका."

२१ मार्च, शुक्रवार

सुनेचा फोन. डावा इंडिकेटर भलत्याच वेगाने लुकलुकत होता. मी प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर म्हणाली, "झालं बाबा, मागचा बल्ब गेला होता, बदलला. तुम्हाला नुसतं सांगायला फोन केला."

बरोबर केलंस म्हटलं. नंतर ती हिच्याशी बोलली. पुढच्या शनिवारी या म्हणते. हिने लगेच हो सांगून टाकलं, मला न विचारता. विचारलं असतं, तर मीही हो म्हटलं असतं, पण जरा वेळाने.

२९ मार्च, शनिवार

बसने पोचलो. सून गाडी घेऊन स्टँडवर आली होती. गाडी चिखलाने माखलेली, मागच्या सीटवर गवताच्या काड्या, आत औषधाचा वास. तिचा चेहरा उन्हाने रापला आहे. ही पुढे बसली, मी मागे.

स्टँडपासून तिची खोली लांब आहे, सगळा वळणावळणाचा चढ. मध्ये एक म्हातारा शेतकरी हात करून उभा होता. तिने गाडी थांबवली. त्याच्या म्हशीबद्दल काहीतरी विचारलं, त्याने सांगितलं. मग त्याने काचेतून आत डोकावून विचारलं, "पाहुणे?"

"नाही," सून म्हणाली. "घरचे."

मी खिडकीची काच वर घेतली. ती मध्येच जरा अडकते, रबर बघायला हवं.

पुढे रस्ता खराब होता, असं ही सांगते. खड्डे होते, एका ठिकाणी तर ओढाच रस्त्यावरून वाहत होता आणि वळणं अशी, की हिने दोन्ही हातांनी सीट धरली होती. मला यातलं काही सांगता येणार नाही. त्या शेतकऱ्यानंतर मला झोप लागली. सुनेने दार उघडून हाक मारली, तेव्हा घर आलं होतं.

"घोरत होतात," ही म्हणाली. "आम्हाला गाडीचा आवाजसुद्धा ऐकू येत नव्हता."